अंड्यातलं पिल्लू झोपेत काय ऐकतं?

२०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. झिब्रा फिंच हा चिमणीहून लहान पक्षी. त्याची अंडी घरट्यातून काढून उबवणी यंत्रात ठेवली आणि त्यांना काही दिवस रहदारीचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला. आईबाप त्या गोंगाटापासून लांब होते, त्यामुळे 'आई बिथरली म्हणून पिल्लांचे हाल झाले' असं म्हणायला जागा नव्हती. तरीही त्या अंड्यांतून पिल्लं कमी निघाली. गोंगाटात वाढलेल्या पिल्लांची वाढ खुंटली, आणि मोठी झाल्यावर त्यांना स्वतःला झालेली पिल्लं शांततेत वाढलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी भरली.

बातमी वाचून पहिला प्रश्न पडतो तो साधा आहे. अंड्याच्या आत, मिटल्या डोळ्यांनी गुरफटून पडलेल्या जिवाला ऐकू येतं? आणि तो तर बहुतेक वेळ झोपलेला असतो म्हणतात. मग झोपेतल्या जिवाला आवाज बाधतो कसा?

आधी झोपेचं बघू

पोटातलं किंवा अंड्यातलं पिल्लू झोपलंय हे कशावरून ठरवायचं? डोळे मिटलेले आहेत यावरून काहीच कळत नाही. शास्त्रज्ञ तीन गोष्टी बघतात: मेंदूतल्या विजेच्या लहरी, डोळ्यांच्या बुबुळांची हालचाल आणि स्नायूंचा ताण. यावरून झोपेचे दोन प्रकार वेगळे करता येतात. एक शांत झोप, जिच्यात मेंदूच्या लहरी संथ आणि उंच असतात. दुसरी रेम झोप, जिच्यात बुबुळं भराभर फिरतात आणि मेंदू जवळजवळ जागेपणासारखा चळवळा असतो. आपल्याला ठसठशीत स्वप्नं पडतात ती मुख्यतः या दुसऱ्या झोपेत.

या विषयातलं बरंचसं ज्ञान मेंढीकडून आलंय. मेंढीचा गर्भकाळ साधारण १४७ ते १५० दिवसांचा, आणि गर्भ पुरेसा मोठा असल्यामुळे त्याच्यावर बारीक तारा बसवून आईच्या पोटात असतानाच नोंदी घेता येतात. ऑक्सफर्डमधले जेफ्री डॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली दाखवलं, की मेंढीचा गर्भ रेम झोपेत श्वास घेतल्यासारखी छाती हलवतो. आत हवा नसते, गर्भजलच असतं, तरी हा सराव चालू असतो. शांत झोप लागली की सराव थांबतो. गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यात या दोन झोपा आळीपाळीने येत राहतात.

हा जीव इतका का झोपतो, याचं उत्तर त्याच्या रक्तात आहे. गर्भाच्या रक्तात प्राणवायू जन्मानंतरच्या मानाने बराच कमी असतो. ॲडिनोसिन नावाचं रसायन भरपूर असतं. हे तेच, ज्याचं काम कॉफीतलं कॅफिन रोखतं आणि आपली झोप उडते. शिवाय वारेतून आणि गर्भाच्या स्वतःच्या मेंदूतूनही गुंगी आणणारी संप्रेरकं तयार होत असतात. भोवती ऊब, अंग तरंगतं. एकूण सगळी तयारी झोपेचीच. जन्माच्या वेळी नाळ तुटते, प्राणवायू वाढतो, अंगाला गार हवा लागते आणि ही गुंगी उतरते. म्हणूनच गर्भ जन्माआधी खऱ्या अर्थाने जागा होतच नाही, असं बरेच शरीरशास्त्रज्ञ मानतात. अधूनमधून क्षणभर जाग येते का, यावर त्यांच्यात अजून वाद आहे.

आवाज आत पोहोचतो तरी कसा?

'इतक्या थरांपलीकडे काय ऐकू येणार?' ही शंका रास्त आहे. फ्लोरिडातल्या संशोधकांनी १९९० च्या सुमारास मेंढीच्या गर्भाशयात पाण्यात चालणारे माइक ठेवून हे मोजलं. खर्जातले आवाज, म्हणजे साधारण २००-३०० हर्ट्झच्या खालचे, आईच्या शरीरातून जवळजवळ न घटता आत पोहोचतात. सूर जसजसा चढेल तसतसा तो अडतो. त्यामुळे बाहेरच्या बोलण्यातला चढउतार आणि लय आत जाते, पण शब्दांना धार देणारी व्यंजनं बरीचशी बाहेरच राहतात.

पुढची अडचण कानाची. आपल्या मधल्या कानात हवा असते, पडदा हलतो, छोटी हाडं ती हालचाल पुढे ढकलतात. गर्भाच्या मधल्या कानात द्रव भरलेला असतो, त्यामुळे ही यंत्रणा नीट चालत नाही. आवाज आत जातो तो मुख्यतः कवटीच्या हाडातून, थेट आतल्या कानाकडे. म्हणजे कवटी थरथरते आणि त्या थरथरीलाच आतला कान आवाज म्हणून वाचतो. हा मुद्दा पुढे सगळीकडे उपयोगी पडणार आहे: जन्माआधी आवाज आणि कंपन यांच्यात आपण करतो तशी फारकत नसते.

पक्ष्याच्या अंड्यात परिस्थिती थोडी बरी. कवच पातळ आणि कडक, आवाजाने स्वतःच थरथरणारं. उबवण्याच्या शेवटच्या दिवसांत पिल्लू चोचीने आतला पापुद्रा फोडून अंड्याच्या बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीत डोकं घालतं, श्वास घेऊ लागतं आणि चिवचिवूही लागतं. कोंबडीचं पिल्लू एकविसाव्या दिवशी बाहेर येतं, पण तुम्ही त्याचा आवाज त्याच्या एक-दोन दिवस आधीच अंड्यातून ऐकू शकता.

जोर मोठा की ओळख मोठी?

आता मूळ प्रश्न. आवाज आत पोहोचला, पण मेंदू झोपलेला. मग त्याचं होतं काय?

याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर २०१२ सालच्या एका प्रयोगात आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे इव्हान बलाबान आणि माद्रिदमधले त्यांचे सहकारी यांनी कोंबडीची अंडी घेतली. अंड्यात साखरेसारखं एक किरणोत्सारी द्रव्य अगदी थोडं सोडलं. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो तो जास्त साखर ओढतो, त्यामुळे पेट स्कॅनमध्ये तो भाग उजळून दिसतो. अंडं न फोडता आतला मेंदू काम करताना बघायची ही युक्ती.

आधी दिसलं ते असं. सुरुवातीच्या दिवसांत भ्रूण खूप हलतो, पण मेंदूचे वरचे भाग त्या हालचालीत फारसे नसतात. उबवण्याचा सुमारे ८० टक्के काळ उलटला, म्हणजे सतरावा दिवस आला, की चित्र पालटतं. हालचाल कमी होते आणि मेंदूच्या वरच्या भागांत झोपेशी जुळणारी कामाची ठेवण दिसू लागते. मग त्यांनी या मोठ्या भ्रूणांना दोन आवाज ऐकवले. एक होता कोंबडीचाच, कोंबड्यांच्या लेखी अर्थ असलेला. दुसरा त्याच्याशी मिळताजुळता रचलेला, पण कुठल्याही कोंबडीच्या गळ्यातून न निघालेला. कोंबडीच्या आवाजावर काही भ्रूणांच्या मेंदूत जागेपणासारखी ठेवण उमटली. रचलेल्या आवाजावर नाही.

रेल्वेरुळांलगत राहणारी माणसं रात्रभर गाड्यांच्या धडधडाटात गाढ झोपतात, आणि पाळण्यातलं बाळ नुसतं कुरकुरलं तरी उठून बसतात. अंड्यातल्या पिल्लाचं तसंच आहे. झोप म्हणजे कान बंद नव्हेत. आवाज आत येतो, कुठेतरी त्याची पारख होते आणि कामाचा असेल तरच वरपर्यंत वर्दी जाते. ही पारख करणारी यंत्रणा जन्माच्या चार दिवस आधीच बसवून तयार असते, हे या प्रयोगातून कळलं.

दचकलं म्हणजे जागं झालं का?

नाही, आणि इथे बऱ्याच बातम्या घसरतात. मोठा आवाज किंवा जोराचं कंपन पोहोचलं की गर्भ दचकतो, हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जर्मन डॉक्टर अल्ब्रेख्ट पायपर यांनी १९२५ साली गरोदर स्त्रियांच्या पोटाजवळ मोटारीचा भोंगा वाजवून हे नोंदवलं होतं. (आज असल्या प्रयोगाला कुठलीच समिती परवानगी देणार नाही.) १९८३ मध्ये अल्ट्रासाउंडवर मानवी गर्भ कंपनाला पापण्या मिटून प्रतिसाद देताना दिसले. चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यात पहिल्यांदा, आणि अठ्ठाविसाव्यानंतर जवळजवळ हमखास.

पण दचकणं ही मेंदूच्या बुंध्यातून होणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे. विचार करणाऱ्या वरच्या भागाला त्यासाठी जागं व्हावं लागत नाही. अचानक आवाजाने गर्भ शांत झोपेतून रेम झोपेत जाऊ शकतो, त्याचे ठोके वाढू शकतात, हातपाय हलू शकतात, आणि तरीही तो झोपलेलाच असतो. त्यामुळे 'गर्भाने प्रतिसाद दिला' हे वाक्य वाचलं की विचारावं: कशाने दिला? स्नायूंनी, हृदयाने, की मेंदूच्या वरच्या भागाने? तिन्हींचा अर्थ वेगवेगळा.

हृदयाचे ठोके तर दोन्ही दिशांना जातात. दचकल्यावर ते वाढतात. पण ओळखीचा किंवा लक्ष वेधणारा हलका आवाज आला तर ते थोडे मंदावतात. कान टवकारल्याची ती खूण.

पाऊस की साप?

कंपनाची पारख किती बारीक असू शकते, याचं सर्वांत देखणं उदाहरण मध्य अमेरिकेतल्या लाल डोळ्यांच्या झाडबेडकाचं. या बेडकाच्या अंड्यातल्या जिवाला 'झोपलेला' म्हणणं धाडसाचं होईल. झोप हा शब्द पक्षी आणि सस्तन प्राण्यांपुरता ठेवू या. पण कंपन वाचण्याची कला इथे उघड्यावर बघायला मिळते.

मादी तळ्यावर झुकलेल्या पानाला अंड्यांचा चिकट, पारदर्शक गोळा चिकटवते. काही त्रास झाला नाही तर सहा-सात दिवसांनी अंडी फुटतात आणि बेडूकमासे खाली पाण्यात पडतात. पण बऱ्याचदा साप येतो. तो गोळ्याचा लचका तोडू लागला की गोळा हलतो, आणि चार-पाच दिवसांचे भ्रूणसुद्धा काही सेकंदांत अंड्यातून निसटून पाण्यात टपाटप पडू लागतात. भ्रूणाच्या नाकाडावरच्या ग्रंथींतून एक विकर सुटतो, समोरच्या पापुद्र्याला भोक पडतं, आणि तो वळवळत त्यातून बाहेर येतो. सापाच्या तोंडात अर्धा गोळा असतानाही उरलेल्या अर्ध्यातून ही पळापळ चालू असते.

पाऊस पडला तरी गोळा हलतोच, कधीकधी सापापेक्षा जास्त. पण पावसात कुणी पळत नाही. पळण्याची किंमत असते: वेळेआधी पाण्यात गेलेला अर्धकच्चा बेडूकमासा तिथल्या मासे आणि कोळंब्यांच्या तोंडी सहज लागतो. कॅरन वॉर्केंटिन या संशोधिकेने १९९५ मध्ये हे वेळेआधीचं फुटणं पहिल्यांदा नीट नोंदवलं, आणि पुढे सापाच्या व पावसाच्या कंपनांच्या नोंदी घेऊन त्या अंड्यांच्या गोळ्यांना वाजवून दाखवल्या. सापाच्या नोंदीवर भ्रूण जास्त पळाले. मग तिने नोंदींची लय बदलली. पावसाच्या कंपनांच्या मध्ये सापासारखे थांबे घातले, आणि भ्रूण पावसालाही घाबरू लागले. म्हणजे ते हादऱ्याचा जोर नव्हे, तर हादरा किती वेळ टिकला आणि दोन हादऱ्यांमध्ये किती अंतर होतं, हे बघत होते. एकेक अंडं खाणारी गांधीलमाशी आली तर ज्या अंड्याला ती डसते ते किंवा त्याच्या लगतची थोडीच अंडी फुटतात, अख्खा गोळा नाही.

हे सगळं उपजतच असेल ना?

काही उपजत असतं, सगळं नाही. फेअरी-रेन हा निळ्या अंगाचा छोटा ऑस्ट्रेलियन पक्षी. त्याची मादी अंड्यांवर बसल्या बसल्या त्यांना एक ठरावीक हाक ऐकवत राहते. पिल्लं बाहेर आली की ती हाक बंद. बाहेर आलेली पिल्लं अन्न मागताना जो आवाज काढतात त्यात तिच्या हाकेतला एक स्वर असतो. संशोधकांनी २०१२ मध्ये घरट्यांतली अंडी आपसात बदलून पाहिली. पिल्लांनी जन्मदात्या आईचा नव्हे, तर ज्या मादीच्या पोटाखाली ती उबली तिचा स्वर उचलला होता. रक्तातून आलेला असता तर असं झालं नसतं. या घरट्यांत कोकीळकुळातला एक पक्षी आपलं अंडं चोरून ठेवतो. त्याचं पिल्लू आधीच बाहेर येतं, त्यामुळे त्याला तो स्वर ऐकायला दिवस कमी मिळतात आणि मागताना तो नीट साधत नाही. मादीला परकं पिल्लू ओळखायला हा स्वर परवलीच्या शब्दासारखा उपयोगी पडतो.

पुढे याच गटाने कवचाबाहेरून भ्रूणांच्या हृदयाचे ठोके मोजले. स्वजातीच्या आवाजावर ठोके मंदावले. इतर काही जातींतही त्यांना असंच दिसलं, की तीच हाक पुन्हा पुन्हा वाजवली तर भ्रूण सरावतो आणि त्याच्या ठोक्यांना फरक पडेनासा होतो. सरावणं हे शिकण्याचं सर्वांत साधं रूप आहे, आणि ते अंड्यात घडतं.

उपजत वाटणारी गोष्टसुद्धा कधीकधी शिकलेली निघते. बदकाचं पिल्लू जन्मताच आपल्या जातीच्या आईची हाक ओळखतं. गिल्बर्ट गॉटलीब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अंड्यातल्या पिल्लांचा आवाज फुटण्याआधीच तो बंद केला आणि त्यांना भावंडांच्या आवाजापासूनही दूर ठेवलं. ही पिल्लं बदकिणीची हाक आणि कोंबडीची हाक यांत फरक करू शकली नाहीत. त्यांना स्वतःचा चिवचिवाट ऐकायला मिळाला नव्हता, आणि आईची हाक ओळखण्यासाठी तोच लागत होता!

शेजारच्या अंड्याकडून आलेली बातमी

स्पेनच्या किनाऱ्यावरच्या समुद्रपक्ष्यांचा, पिवळ्या पायांच्या गल पक्ष्यांचा, २०१९ सालचा प्रयोग मला या सगळ्यांत जास्त धक्कादायक वाटतो. हे पक्षी बहुधा तीन अंडी घालतात. संशोधकांनी तीन-तीन अंड्यांचे गट केले. प्रत्येक गटातली दोन अंडी रोज काही वेळ बाहेर काढून त्यांना मोठ्या पक्ष्यांचे धोक्याचे इशारे ऐकवले आणि परत तिसऱ्याशेजारी ठेवली. तिसऱ्याने तो इशारा कधीच ऐकला नाही.

इशारा ऐकलेली अंडी आतून कमी चिवचिवू लागली आणि जास्त थरथरू लागली. ती उशिरा फुटली. पिल्लं धोका जाणवताच चटकन दबून बसायची. त्यांच्या अंगात ताणाची संप्रेरकं जास्त होती, पायाची नळी आखूड होती. आणि तिसऱ्या अंड्यातलं पिल्लू? तेही तसंच. त्याला बातमी मिळाली ती शेजारच्या कवचांच्या थरथरीतून.

अंड्याअंड्यांतला असा निरोप नवा नाही. बटेराची अंडी एकमेकांची टिकटिक ऐकून एकाच सुमारास फुटतात, हे १९६० च्या दशकातच कळलं होतं. नाईल सुसरीची पिल्लं अंड्यातून हाका मारतात, त्या ऐकून बाकीचीही फुटायला लागतात आणि आई वाळू उकरू लागते.

मग सगळ्याच पिल्लांना ऐकू येतं?

नाही. उंदीर, कुत्रा, मांजर यांची पिल्लं बहिरीच जन्मतात. उंदराच्या पिल्लाला जन्मानंतर साधारण बाराव्या दिवशी ऐकू येऊ लागतं, कुत्र्याच्या पिल्लाला दोन-तीन आठवड्यांनी. त्यांच्या आईच्या पोटाशी कितीही मंजुळ संगीत लावा, आतल्या कानापर्यंत काही पोहोचणार नाही. उलट मेंढी, गिनीपिग, माणूस यांचे कान जन्माआधीच चालू होतात. जन्मल्यावर लगेच चालू लागणाऱ्या पिल्लांचे कान बहुधा आधी तयार होतात, पण माणूस या नियमात बसत नाही.

सुरुवातीच्या झिब्रा फिंचचं पिल्लूही जन्मताना आंधळं, उघडं आणि असहाय असतं. म्हणून काही शास्त्रज्ञ विचारतात, की त्याच्या भ्रूणाला खरंच ऐकू येतं, की तो फक्त कवचाची थरथर ओळखतो? कानातल्या विद्युत नोंदी शोधणाऱ्यांना या वयात ऐकण्याचा पुरावा सापडलेला नाही, तर २०१६ पासूनचे प्रयोग सांगतात की तापमान २६ अंशांवर गेल्यावर आईबाप काढतात तो खास आवाज अंड्यांना ऐकवला, तर पिल्लांची वाढ बदलते. परिणाम दिसतो, वाट सापडत नाही. माझा कल कंपनाकडे आहे, पण निकाल लागलेला नाही.

पोटाला हेडफोन लावावेत का?

हा प्रश्न येतोच. प्रसूतीतज्ज्ञ काही वेळा पोटावर एक कंप देणारं उपकरण दोन-तीन सेकंद टेकवतात. ठोक्यांची तपासणी चालू असते, बाळ शांत झोपेत असतं, ठोके सपाट दिसत असतात, आणि ते झोपलंय की त्रासात आहे हे कळत नाही. कंपनाने ठोके वाढले तर निश्चिंत व्हायचं. एवढ्या मोजक्या कामासाठी, देखरेखीखाली आणि क्षणभर. यावरून घरी तासन्‌तास स्पीकर टेकवण्याचा अर्थ काढू नये. झोप हे त्या वयात मेंदूच्या जडणघडणीचं काम आहे, आणि ती मोडून काही चांगलं साधतं असा पुरावा नाही.

आईचा आवाज तसाही आत जातो, हवेतूनही आणि तिच्या स्वतःच्या हाडामांसातूनही, त्यामुळे तो इतर कुणाच्याही आवाजापेक्षा ठळक असतो. १९८० साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी तीन दिवसांहून लहान बाळांना एक बोंडी चोखायला दिली. चोखण्याची लय बदलली की आईचा आवाज ऐकू येईल किंवा दुसऱ्या बाईचा, अशी सोय होती. बाळांनी लय बदलून आईचा आवाज मागवला. त्यांच्या आयांनी गरोदरपणात पोटाला काहीही लावलं नव्हतं. त्या आपापली कामं करत बोलत राहिल्या होत्या, एवढंच.